ओळखीचा खडा

४ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
लवंगीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

दोन महिने तुमचं पत्र नाही. मामी फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली वाचनालयात म्हाताऱ्यांच्या सभा घेता आणि त्यांना पेटवून घरी पाठवता. कारागिरांची संघटना सुटली तरी तुमचा आवाज सुटलेला नाही, हे ऐकून बरं वाटलं.

आता बातमी. उभ्यानं वाचत असाल तर बसा. मी लग्न करते आहे. अडतीस वर्षं कुणी पसंत पडला नाही आणि पडला तो ग्रंथपाल! माणूस शांत आहे. मी बोलते, तो ऐकतो आणि मधेच एक वाक्य असं बोलतो की मला दोन दिवस पुरतं. अंगठीसाठी आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून एकच हिरा घ्यायचं ठरवलं आहे. त्यानं हिऱ्यांवरची चार पुस्तकं वाचली आणि आता तो आधीपेक्षा जास्त घाबरला आहे.

तुमचे जुने जोडीदार, पेढीवाले काका, यांच्याकडे एक खडा पाहिला. एका कॅरेटला चार सेंट, म्हणजे चार शतांश, कमी. सर्टिफिकेटवर रंग 'जी' लिहिलाय, म्हणजे जवळजवळ पांढरा असं ते म्हणाले. मला आवडला. पण मी रंगाच्या कारखान्यात भिंतींच्या छटा जुळवते, हिऱ्यांच्या नाही. तुम्ही तीस वर्षं हिऱ्यांची प्रतवारी केलीत. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन, नाहीतर नाही. कसा पारखायचा ते लिहा, आणि जमलं तर स्वतःच या.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
लवंगी

११ जानेवारी

चि. लवंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. लग्नाची बातमी आली तेव्हा ती रडली आणि मी चष्मा पुसला, असं ती सगळ्यांना सांगते. चष्मा खरोखर मळला होता. ग्रंथपालाला माझे आशीर्वाद सांग आणि पुस्तकं परत करायला सांग.

आता ऐक. हिरा घेणारा माणूस दुकानात लाजतो. आपल्याला काही कळत नाही हे समोरच्याला कळू नये म्हणून तो मान डोलावतो, आणि त्या मान डोलावण्याचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात. तू लाजू नकोस. तुझ्या घामाचा पैसा आहे. शंभर प्रश्न विचार आणि शंभरावा पुन्हा विचार.

दुकानातले दिवे दुकानदाराच्या पगारावर असतात. त्यांच्याखाली काचेचा तुकडासुद्धा राजा दिसतो. खडा खिडकीशी ने, सकाळी दहाच्या सुमाराला, ऊन थेट नको. पांढरा कागद मधे दुमड, त्या घडीत खडा पालथा ठेव आणि बाजूनं बघ. वरून बघशील तर चमक तुला भुलवेल, रंग कळणार नाही. आणि एकटा खडा कधीच बघू नकोस. शेजारी रंग माहीत असलेला, ओळखीचा खडा हवा. रंग एकटा नसतो, तो शेजाऱ्यामुळे कळतो. हे मी संघटनेत माणसांबद्दलही सांगत असे.

मग भिंग. आत बारीक ठिपके, रेषा असतील तर घाबरू नकोस, जमिनीतून आलेली वस्तू आहे. पण काठापर्यंत पोचलेली चीर असेल तर सोडून दे. सगळ्यात जास्त लक्ष घडणीकडे दे. वाईट पैलू पाडलेला मोठा खडा म्हणजे नुसता सुजलेला असतो. वजनाचं म्हणशील तर चार सेंट कमी आहे ते तुझ्या फायद्याचं. पूर्ण कॅरेट झाला की भाव एकदम उडी मारतो आणि ती उडी बोटावर कुणाला दिसत नाही. तीन दुकानांत त्याच रंगाच्या, त्याच शुद्धतेच्या, त्याच घडणीच्या खड्याचा भाव विचार. मगच भाव योग्य की नाही ते बोल.

जोडीदार सरळ माणूस आहे. हिऱ्यांच्या कारखान्यात एका बाकावर आम्ही एकवीस वर्षं काढली. तरी मी येतोच, वीस तारखेला. तुझ्या बोटात काय जातं ते मी बघितल्याशिवाय जाणार नाही.

प्रकृतीला जप, बाकी भेटीत.

तुझा,
मामा

२९ जानेवारी

चि. लवंगीस,
मामीचा आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामांना न सांगता लिहिते आहे. दुपारी ते झोपलेत, तेवढ्यात उरकते.

तुझ्याकडून आल्यापासून घरात बोलणं नाही. मी विचारलं तर एवढंच म्हणाले की जोडीदारानं आपल्या भाचीला पिवळा खडा पांढऱ्याच्या भावात विकायला काढला आणि ते त्याच्या पेढीवर गिऱ्हाइकांसमोर त्याला तोंडावर सांगून आले. कुणी कुणाला काय म्हटलं ते तूच कळव. एकवीस वर्षांचा स्नेह असा मोडला की माणूस आतून खचतो. जेवताना ताटाकडे बघत नाहीत.

आणि सगळ्यांवरच चिडतात, बाई! परवा इस्त्रीवाल्याशी भांडले की शर्ट पिवळे करून देतोस. मी शर्ट खिडकीत धरून पाहिला, दुधासारखा. मागच्या महिन्यात पुढची खोली रंगवली तेव्हा रंगाऱ्याला पांढरा सांगून साय लावलीस म्हणून त्याचे वाभाडे काढले. तो बिचारा डबा उघडून दाखवत होता. संध्याकाळी जिना उतरताना माझा हात धरतात आणि म्हणतात, तुझ्यासाठी धरलाय. वयाबरोबर माणूस इतका संशयी होतो का गं?

तू त्यांच्यावर रागावू नकोस. तुझा राग त्यांना सोसणार नाही.

तुझी,
मामी

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हीच शिकवलंत की शंभर प्रश्न विचारायचे. आज एकच विचारते.

वीस तारखेला तुम्ही खिडकीशी गेलात, कागद दुमडलात, खडा पालथा ठेवलात. मग म्हणालात की हा 'जी' नाही, 'के' आहे, चार पायऱ्या खाली, चहाचं पाणी आहे. काकांनी नमुन्याचे खडे पुढे केले तर ते हातानं बाजूला सारलेत आणि म्हणालात की पांढरा रंग तीस वर्षं डोक्यात आहे, शेजारी ठेवायची गरज नाही. मामा, तुमचा पहिला नियम तुम्हीच मोडलात. आणि मग सगळ्या पेढीला ऐकू जाईल असं काकांना लबाड म्हणालात.

तुम्ही गेल्यावर मी ते नमुने शेजारी ठेवून पाहिलं. मला खडा 'जी'च वाटला. ग्रंथपालालाही वाटला, पण त्याचं मत मी धरत नाही, त्याला माझ्या साडीचाही रंग सांगता येत नाही. काकांनी तुमच्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाले की तुझा मामा हो म्हणेपर्यंत हा खडा तुला विकणार नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. मग ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी कारखान्यात रोज छटा जुळवते. आमचे एक वयस्क तंत्रज्ञ होते. एका वर्षी त्यांनी प्रत्येक पांढऱ्यात निळसर टाकायला सुरुवात केली, कारण त्यांना सगळंच पिवळट दिसत होतं. शेवटी कळलं की डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हणून विचारते, आणि रागवायचं तर पत्रातच रागवा. निवृत्तीच्या दिवशी तुमच्या कारखान्यानं तुम्हाला दिलेला तो बारीक खडा, ज्याच्याहून पांढरा तुम्ही पाहिला नाही असं म्हणता, तो उद्या सकाळी दहा वाजता खिडकीशी बघाल का? तो तरी कुणी बदललेला नाही.

तुमची माया कमी झाली तरी चालेल, डोळे कमी व्हायला नकोत.

तुमची,
लवंगी

८ फेब्रुवारी

चि. लवंगीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

आज दहा वाजता बघितला. पिवळा आहे. कागदही पिवळा आहे. मग मी आपली पांढरी भिंत बघितली आणि खुर्चीवर बसलो.

सोमवारी डॉक्टर. जास्त लिहवत नाही.

मामा

१४ मार्च

चि. लवंगीस,
खूप खूप आशीर्वाद.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी तुझी मामी समोर उभी होती. मी म्हटलं, तुझे केस इतके पांढरे कधी झाले? ती म्हणाली, दोन वर्षं झाली, तुम्ही उगाच तरुण समजत होता. डावा डोळा झाकला की दुनिया धुतलेली दिसते, उजवा झाकला की जुन्या वर्तमानपत्रासारखी. मी दिवसभर हाच खेळ करतो म्हणून ती वैतागली आहे. इस्त्रीवाल्याची माफी मागितली. रंगाऱ्याची मागितली. तो म्हणाला की साहेब, मागची खोलीही रंगवायची आहे का? चलाख माणूस.

पण मुख्य माफी बाकी होती. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटल्याबरोबर परवा निघालो. तुला कळवलं नाही, कारण तू सोबत आली असतीस आणि हे एकट्यानं करायचं होतं. ज्या माणसानं चारचौघांत आरोप केला त्यानं कोपऱ्यात नेऊन माफी मागणं ही आणखी एक लबाडी आहे, असं माझं मत आहे. म्हणून पेढी भरलेली असतानाच गेलो. तिथेच उभा राहिलो आणि तेवढ्याच मोठ्यानं बोललो. भाषण पाठ केलं होतं, चांगलं पंधरा मिनिटांचं. आयुष्यात हजार माणसांपुढे बोललो, कधी शब्द अडला नाही. इथे दोन वाक्यं झाली. पहिलं असं की हा माणूस सरळ आहे आणि मी आंधळा होतो. दुसरं असं की मी ते आमच्या बाकावरच्या प्रत्येक जुन्या सोबत्याला पटवून सांगेन.

जोडीदार म्हणाला की मधे उभा राहून गिऱ्हाइकांची वाट अडवू नकोस, आत ये. आत गेलो तर त्यानं माझ्यापुढे कागदाची पुडी उघडली. त्यात पंधराएक खडे होते, सगळे एकाच मापाचे. म्हणाला, बोलून झालं असेल तर हे रंगाप्रमाणे लावून दे, माझ्याकडे कारागीर रजेवर आहे. चिमटा दिला, नमुन्याचे खडे दिले आणि गिऱ्हाइकांकडे निघून गेला.

लवंगी, मी खिडकीशी बसलो. प्रत्येक खडा नमुन्याशेजारी ठेवला. एकही अंदाजानं नाही. चार ढीग केले. तास गेला. तो आला, भिंग लावून एकेक तपासला आणि एकही हलवला नाही. मग दुसऱ्या ढिगातला तिसरा खडा चिमट्यात उचलला, काट्यावर ठेवला आणि वजन सर्टिफिकेटशी ताडून माझ्यापुढे धरलं.

तो तुझा खडा होता. त्यानं न सांगता त्यांत मिसळला होता. मी त्याला 'जी'च्या ढिगात ठेवलं होतं.

मग मी म्हटलं की भाव तीन टक्के कमी कर. तो म्हणाला की एक पैसा नाही करणार. मी तीन दुकानं फिरून आलोच होतो, त्याचा भाव रास्तच आहे. तरी विचारलं, नाहीतर त्याला वाटलं असतं की मी अजून आजारी आहे.

तेव्हा माझं उत्तर हो. ग्रंथपालाला घेऊन जा आणि खडा घेऊन ये. जोडीदार वाट बघतो आहे.

तुझा,
मामा