गुणीच्या नावचा कोपरा

प्रिय गुणी,

उत्तम क्षमा! पर्युषण पर्व संपून पंधरवडा झाला आणि मी आत्ता क्षमा मागतोय, त्या उशिराचीही यातच धर. सातवी नापास माणसाचं पत्र तुझ्या घरात सगळे वाचणार, या काळजीनं हात पुढं जाईना. फलटणला पाऊस कसा आहे? तुझे गुडघे? दाजी चहात अजून साखर घेतात का? घेत असतील तर माझ्या नावानं ओरड.

आप्पांनी तुझ्या नावावर केलेल्या रानाच्या त्या तळाच्या कोपऱ्याचं काय करायचं, ते तुलाच विचारायचंय. पण आधी रानाचं ऐक. उसाला पाणी पाजून पाजून आपण रान फुगवलं आणि खालचं मीठ वर आलं. तू शेवटची आलीस तेव्हा ते पिठासारखं पांढरं होतं. बांधावर बसून रडलीस आणि म्हणालीस, "अण्णा, आता हे बघायला मला बोलवू नको." या उन्हाळ्यात शेजारपाजारच्या सगळ्यांनी मिळून कमरेएवढ्या खोल चरांत बारीक भोकांचे पाईप पुरले. मला वाटायचं, आता जमीन खचणार. रोज पायानं दाबून बघायचो. मग पाईपातून पाणी वाहायला लागलं, ते मी चाखलं. खारट! आनंदानं तुझ्या वहिनीलाही बोलावलं. ती म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालं तर ताट सारता, आन हितं वंजळीनं पिताय व्हय?"

गुणी, आज तिथं गुडघाभर सोयाबीन आहे, शेंगांनी लगडलेलं. माती हातात घेतली तर काळी! मी उगाच मूठभर घरी आणून ठेवली. आता कीड पडेल, या काळजीनं रोज पानं उलटी करून बघतो.

अडलंय ते तुझ्या कोपऱ्यावर. तिथं पुरुषभर लव्हाळा माजलाय. सगळ्यांच्या पाईपांचं पाणी त्यात थांबतं, गाळ खाली बसतो आणि मग ते निवळून ओढ्यानं कृष्णेला जातं. पाईपांचं काम बघणारी स्वप्नाली म्हणते, "आजोबा, एवढा तुकडा राहू द्या, नदी दुवा देईल." शेजारचा लालासाहेब म्हणतो, "आवं अण्णा, बुजवा की! पाणी पाईपानं सरळ ओढ्यात सोडू. पाखरं काय कारखान्याला ऊस घालणार हायती व्हय?" कारण तिथं जांभळ्या पाणकोंबड्यांनी घर केलंय. काळी पिलं आईमागं लव्हाळ्यातून पळतात. मी बुजवायचं नुसतं तोंडातून काढलं, तर तुझी वहिनी उसळली, "पर्वात उपास करायचं आन नंतर पिलांवर माती वढायची?"

लालासाहेब दिवाळीनंतर मातीचे ट्रॅक्टर आणायचं म्हणतोय. तू हो म्हणालीस तर मी आडवा येणार नाही. पण फोनवर हो-नाही सांगू नको. फोन करायचा तर तो मला कधीही करता आला असता. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की भाऊबीजेला ये आणि तुझा कोपरा स्वतः बघून काय ते ठरव. मला तू बांधावर उभी दिसायला हवी आहेस. गाडी लागते, तेव्हा पुढच्या सीटवर बस. येतेस ना, तेवढं लवकर कळव. तोवर मला काही सुचणार नाही.

तुझाच,
आदगोंडा अण्णा