चौथ्या टप्प्याचा वारस

मी, नेविल क्रॅबट्री, वय शहात्तर, राहणार मिल लेन, थॉर्नब्रिग, यॉर्कशर, पूर्वी गिरणीत माग दुरुस्त करणारा, आता निवृत्त, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. अक्षर हलते आहे ते थंडीमुळे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. माझी शाळा पंधराव्या वर्षी सुटली. वकिली भाषा चुकली असेल तिथे अर्थ धरावा.

लिहितो आहे आमच्या धावण्याच्या क्लबच्या मिनीबसच्या मागच्या सीटवर. बाहेर सत्तरीवरच्यांची रस्त्यावरची रिले शर्यत चालू आहे. आमचे चौघे आहेत. एकेकाने तलावाला फेरी मारून यायचे आणि पुढच्याच्या हातावर हात मारायचा, मग तो सुटतो. बर्नार्डची फेरी झाली. दुसरा गडी रस्त्यावर आहे. मग सिरिल, आणि चौथा, शेवटचा टप्पा माझा. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहोत, आणि मागचा क्लब फार मागे नाही. सकाळी अंग गरम करायला थोडा पळालो तेव्हापासून छातीत कोणीतरी पाना लावून आवळते आहे. माझी मुलगी जॅनेट आठवडाभर एकच सांगत होती, "बाबा, पळायचंच असेल तर आधी सगळं लिहून ठेवा. मागनं मला तुमची कपाटं उपसायला लावू नका." ते मी आजपर्यंत टाळले.

१. घर जॅनेटला. मागच्या दाराची कडी लागल्यासारखी वाटते पण लागत नाही, ओढून बघावी. निघताना गॅस बंद केला असे मला वाटते. कोणीतरी आजच जाऊन बघावे, मी मेलो असो वा नसो.

२. बँकेतल्या शिल्लकीतून आधी माझ्या दफनाचा खर्च करावा. उरेल तेही जॅनेटला. ते पैसे जावयाने फिरत्या घराच्या गाडीत घालू नयेत. ती गाडी गळते, मी आतून पाहिली आहे.

३. पाने, हातोड्या, कानस आणि लाकडी पेटी बर्नार्डला, कारण तो वस्तू उसनी नेतो आणि पुसून परत करतो. शेजारच्या होलरॉइडला पेटीला हातही लावू देऊ नये. माझी शिडी अजून त्याच्याकडे आहे.

४. भाजीचा वाफा क्लबला. रुबार्बचे देठ पहिल्या वर्षी कापू नयेत, हे सांगूनही कापतील.

५. रेग हेब्डेनला काहीही नाही. कारण नोंदवतो. ज्या वर्षी आमच्या क्लबने, थॉर्नब्रिग हॅरिअर्सने, पदके जिंकली त्या वर्षी रेग संघप्रमुख होता, आणि शर्यतीच्या सकाळी त्याने मला राखीव ठेवले. चौघे पळाले, चौघांना पदके मिळाली, मी त्यांची जॅकेटे धरून उभा राहिलो. तेव्हापासून आम्ही दोघे हवामानापुरते बोलतो. या मंगळवारी रेग सत्तर वर्षांचा झाला. आमच्यात माणूस सत्तरीची वाट बघतो, कारण साठीच्या गटातला म्हातारा सत्तरीच्या गटात पोरगा ठरतो. आता संघप्रमुख मी आहे आणि राखीव रेग आहे. जॅकेटे त्याच्याकडे आहेत.

इथे थांबलो होतो. दुसरा गडी आला, सिरिल सुटला. आम्ही अजून दुसरे, पण मागचा क्लब जवळ आला आहे.

६. साक्षीदारांबाबत. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे जॅनेट म्हणाली होती. म्हणून बसचालक कीथ ड्युहर्स्ट आणि ज्याला काहीच मिळत नाही तो रेग, अशा दोघांना बोलावले. रेग हातावर जॅकेटे घेऊन आला. त्याने कागद पाहिला नाही, मला पाहिले, आणि म्हणाला की तो सही करणार नाही.

मी म्हणालो, आज वारा फार गार आहे.

"हवामान राहू दे, नेविल," तो म्हणाला. "तोंड बघ तुझं, मेणासारखं झालंय. छातीवरचा नंबर काढ."

"तुला पळायचंय म्हणून बोलतोयस."

"हो, पळायचंय. पण तू तलावापलीकडे आडवा झालास तर सिरिलची सगळी पळापळ वाया. आणि मी उरलेला जन्म कुणाशी अबोला धरू?"

कीथ हसला आणि मग खिडकीबाहेर बघू लागला.

नियम असा की बदल संघप्रमुखानेच टेबलावर जाऊन सांगायचा, तोही तिसरा गडी परतायच्या आत. त्यामुळे रेगला माझ्याकडून काही हिसकावून घेता येत नव्हते. त्याने पुन्हा मागितलेही नाही. जॅकेटे सीटवर ठेवून उभा राहिला. सिरिल तलावापलीकडच्या चर्चच्या वळणावर दिसला अशी बाहेर ओरड झाली. मी उठलो तेव्हा पाना आणखी एक आटा फिरला. मी सुटलो आणि पोहोचलोच नाही, तर तीन गड्यांचा संघ कोणी मोजत नाही.

७. म्हणून माझा चौथा टप्पा, छातीवरच्या नंबरासह आणि चार टाचण्यांसह, मी रेग हेब्डेनला देत आहे. हे दान मरणोत्तर नसून आत्तापासून लागू आहे. कीथच्या खांद्यावर हात ठेवून मी टेबलावर जाऊन तसे सांगितले. तिथल्या बाईने कारण विचारले. मी वय असे सांगितले. ती म्हणाली, "ते इथं सगळ्यांनाच आहे," पण लिहून घेतले. रेग नंबर उलटा लावू लागला, म्हणून तो मीच लावला. चढावर दम राखायला सांगितले. उतारावर उजवीकडे खडी आहे तेही सांगितले. तो म्हणाला माहीत आहे. मी म्हणालो, माहीत असले तरी ऐक.

पदक मिळाले तर ते पळालेल्या चौघांचे. जॅनेटने त्यावर हक्क सांगू नये. कलम पाच मात्र कायम आहे. मेल्यावर रेगला काही नाही.

८. रेगला आता वरचे दान मिळाल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. त्याच्या जागी चहाच्या टेबलावरून एनिड पिकल्स आली. तिने माझे पेन हातात घेतले आणि परत दिले नाही.

"आधी रेषेजवळच्या त्या रुग्णवाहिकेत जाऊन बस. मग सही."

"एनिड, कायद्याप्रमाणे..."

"ओठ निळे पडलेत तुझे. कायदा मला नंतर शिकव."

सबब पुढील सह्या रुग्णवाहिकेत होत आहेत. दार माझ्या सांगण्यावरून उघडे ठेवले आहे. वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते मला मान्य आहे.

सही: नेविल क्रॅबट्री

आम्हां दोघांच्या देखत त्याने सही केली आणि त्याच्या देखत आम्ही केली.

साक्षीदार: कीथ ड्युहर्स्ट, बसचालक
साक्षीदार: एनिड पिकल्स, चहावाली

स्थळ: तलावाकाठचा रस्ता, बदलीच्या रेषेसमोर
दिनांक: १७ मे २०१४, शनिवार
वेळ: सिरिलने रेगच्या हातावर हात मारला ती