कडेच्या खुर्चीवरचे आमदार

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामी म्हणते, शिलाई मशीनवरून उठताना तुम्ही अजूनही भिंत धरता आणि कोणी पाहिलं तर ओल आली का बघत होतो असं सांगता. भिंत ठणठणीत आहे मामा, डॉक्टरांना कंबर दाखवा. मी इकडे खुशाल आहे. हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि त्याचा अर्थ होकार की नकार हे आपल्या घरात आजवर कोणालाही उमगलेलं नाही.

विषय अर्थातच तुमच्या धाकटीचा. तिची बारावी झाली, आपल्याकडे पुढे शिकायची सोय नाही, आणि मागच्या खेपेला मी तिची बाजू मांडायला दुकानात आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्या त्या आमदाराने सभागृहात उभं राहून आपल्याकडे कॉलेज मागून दाखवावं, मग पोरीला शिकवतो. नाहीतर काजं-बटणं करायला मला माणूस हवंच आहे." दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली, एक जण तर माप देता देता हसला, म्हणजे त्याचा सदरा ढगळ झाला असणार. मी मात्र ते मनावर घेतलं. घरातली पहिली पदवी माझी, तीही राज्यशास्त्राची, आणि नोकरी आमदारांच्या कार्यालयात. एवढं असून साहेबांना एकदा उभं करता येत नसेल, तर त्या पदवीचा उपयोग मामीच्या औषधांवरची बारीक अक्षरं वाचण्यापुरताच म्हणायचा.

आता साहेबांविषयी सांगते, कारण आमदार म्हणजे नक्की काय करतो हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून आहे. (अभ्यासक्रमात 'कायदे करतो' असं होतं. कार्यालयात सकाळी येणाऱ्या माणसांपैकी अजून एकानेही कायदा मागितलेला नाही. बदली मागतात, नळ मागतात, एका गृहस्थाने सासऱ्याला समजवायला माणूस मागितला.) साहेब मूळचे भोंगेवाले. सगळ्या पक्षांच्या सभांना ध्वनिक्षेपक भाड्याने द्यायचे. वायर धरून स्टेजच्या मागे बसून सगळ्यांची सगळी आश्वासनं त्यांना तोंडपाठ झाली, तेव्हा त्यांच्या मनात आलं की यंत्र आपलं, वायर आपली, मग आवाज तेवढा दुसऱ्याचा का? निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. पण सभागृहात गेल्यावर कळलं की तिथला माइक दुसराच कोणीतरी चालू करतो. त्या धक्क्यातून ते अजून सावरलेले नाहीत.

त्यांचा पक्ष कायम विरोधात. साहेबांचा देह भरदार, म्हणून पहिल्याच वर्षी त्यांना रांगेच्या कडेची, दाराजवळची खुर्ची मिळाली. मामा, ही गोष्ट ऐकायला साधी वाटते, पण त्यांची सगळी कारकीर्द या खुर्चीवर उभी आहे. विरोधकांनी सभात्याग करायचा, म्हणजे निषेध करून बाहेर निघून जायचं, तर कडेचे साहेब उठल्याशिवाय आतल्या कोणालाही वाटच मिळत नाही. त्यामुळे नेते चिडोत न चिडोत, साहेब चिडले की सभात्याग. सवयीने त्यांना मंत्र्याच्या बोलण्यातली ती नेमकी जागाही कळू लागली. मंत्री उठून "सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो" म्हणाला, की पुढे नकार येणार हे ठरलेलं. साहेब नकार ऐकायला थांबतच नसत. मी एकदा विचारलं, "साहेब, बाहेर जाऊन करता काय?" म्हणाले, "चहा घेतो." "आणि मग?" "मग आत काय झालं ते विचारतो."

यंदा त्यांचा पक्ष पहिल्यांदाच सत्तेवर आला. साहेब सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि ज्येष्ठ म्हणून तिथेही मानाने कडेचीच खुर्ची मिळाली. मी कॉलेजच्या मागणीचं भाषण लिहून दिलं. साहेब म्हणाले, "पोरी, हे तुझ्या त्या शिंपीमामासाठी ना?" मी म्हटलं, शिंप्याच्या मुलीसाठी. त्यांनी चार दिवस मोटारीत बसून पाठांतर केलं. चालकालाही पाठ झालं, आणि एका वळणावर साहेब अडखळले तेव्हा पुढचं वाक्य त्यानेच सांगितलं.

काल ते बोलले. मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. माइक चालू झाला, साहेब उभे राहिले, आणि मामा, खरंच सांगते, छान बोलले. आपल्याकडच्या मुली बारावीनंतर कुठे जातात, असं त्यांनी विचारलं आणि क्षणभर गप्प झाले. (ते थांबणं मी लिहिलेलं नव्हतं.) मग शिक्षणमंत्री उठले, त्यांच्याच पक्षाचे, हसऱ्या चेहऱ्याचे, आणि म्हणाले, "सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो."

साहेब ताडकन उठले, "निषेध! निषेध!" असं गरजले आणि दाराबाहेर. वाट मोकळी झालेली दिसताच त्यांच्याबरोबर या बाजूला आलेली त्यांची जुनी रांग सवयीने मुकाट उठली. ती उठली म्हणून मागची रांग, पक्षाचा आदेश असेल म्हणून. मंत्री पुढचं वाक्य तोंडात घेऊन तसेच उभे. समोरचे नवे विरोधक आ वासून बघत राहिले, कारण चालू सरकारच बाहेर पडलं तर विरोधकांनी काय करायचं हे कोणत्याच पुस्तकात नाही. अखेर त्यातल्या एकाने पुरेसे सदस्य हजर नाहीत हे दाखवून दिलं. नियमाप्रमाणे सगळ्या इमारतीत घंटा वाजू लागल्या. मी धावत उपाहारगृहात गेले, तर साहेब चहा फुंकत होते. घंटा ऐकून म्हणाले, "बघ, कशी खळबळ उडवली!" त्यांना परत न्यायला फार वेळ लागला, कारण आपण सरकार आहोत हे आधी त्यांना पटवावं लागलं. तोवर कामकाज तहकूब झालं होतं.

मंत्र्यांचं न बोललेलं वाक्य मला त्यांच्या सचिवांनी दाखवलं. "म्हणून हे महाविद्यालय याच वर्षी सुरू करण्यात येत आहे." आता मंत्री रुसले आहेत आणि विषय पुढच्या अधिवेशनावर गेला आहे. तोवर सगळीकडचे प्रवेश संपतील. साहेब संध्याकाळी कार्यालयात दिवा न लावता बसले होते. मला म्हणाले, "इतकी वर्षं नकाराची सवय पोरी, होकार पुरता ऐकायचं राहूनच गेलं." मला रागवायचं होतं, पण जमलं नाही.

मामीला नमस्कार.

तुमची,
भाची

ता.क. : तुमची अट 'उभं राहून मागून दाखवावं' एवढीच होती. मिळवून दाखवावं असं तुम्ही म्हणाला नव्हतात, गिऱ्हाइकं साक्षीला आहेत. तेव्हा धाकटीला इकडे माझ्याकडे पाठवा. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते (दार मग अर्धंच उघडतं, पण आम्ही दोघी बारीक आहोत), आणि इथल्या कॉलेजात जागा आहे.

आणखी ता.क. : सार्वजनिक कामात आहे, म्हणून काही लपवून ठेवणं मला पटत नाही. जागा 'आहे' असं वर लिहिलं, ती धाकटीचीच आहे. मामीने गेल्याच आठवड्यात पालक म्हणून सही करून प्रवेश घेतला. मला म्हणाली, "तरी तू त्यांना रीतसर पत्र लिही, विचारल्यासारखं होईल."

शेवटचं ता.क. : अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. धाकटी हटून बसली आहे, बाबा सोडायला आले तरच जाईन, नाहीतर दुकानात बसेन म्हणते. मामीने समजावलं, मी समजावलं, ती ऐकत नाही. सोमवारी सकाळची पहिली गाडी आहे. मी स्टँडवर उभी असेन. दोघंही उतरा.