चिनात्सुसाठी कराटे

१६ जानेवारी

चिनात्सु कराटे शिकणार म्हणते! सकाळी टोफूची भाजी खाता खाता सांगितलं. मार्चअखेर नोकरीला ओसाकाला जायचं, परकं शहर, स्वतःचा बचाव करता यायला हवा म्हणे. नात शहाणी आहे.

मग म्हणते, ‘कराटेचं घराणं कुठलं निवडायचं ते तू सांग आजी. नुसत्या लाथा नकोत, नुसते ठोसे नकोत. सगळं थोडं थोडं येईल असं हवं. बघायला माझ्याबरोबर चल. तुला माणसं कळतात. आजोबांना निवडलंस ना?’

‘त्यांना माझ्या काकूने निवडलं.’

‘मग नाही तरी म्हणाली नाहीस.’

दारातल्या चेरीला फुलं आली आहेत; आमच्या दक्षिणेच्या बेटावर ती जानेवारीतच फुलते. अजून कुणाला दाखवली नाहीत.

१७ जानेवारी

नोव्हेंबरातली गोष्ट वहीत लिहिलीच नव्हती. लिहायला हात धजत नव्हता. आज लिहून टाकते.

माकिशीच्या बाजारातून डुकराचे पाय घेऊन येत होते. मागून स्कूटरवाला आला, पिशवी ओढली. मी सोडली नाही. सोडणार कशी, सूप करायचं होतं. चार पावलं फरफटले, आपटले, खांदा दुखावला. पिशवी फाटली आणि पाय रस्ताभर झाले. तो रिकाम्या हाताने पळाला, तेवढंच समाधान. एक पाय भाजीवालीने धुऊन आणून दिला. चांगली बाई. तिचा मुळा मात्र पोकळ निघतो.

तेव्हापासून एकटीने उंबरा ओलांडलेला नाही. स्कूटरचा आवाज आला की दाराची कडी पुन्हा तपासते. चिनात्सु कॉलेजसाठी माझ्याकडे राहते म्हणून भागतंय. तिचा बाप, माझा सेइतोकु, नागोयाहून फोन करतो – ‘आई, ती गेल्यावर तू घराबाहेरच पडणार नसशील तर इथे ये, दहा एप्रिलला न्यायला येतो.’ खोली रंगवून ठेवली आहे म्हणे. मुलगा चांगला आहे. पण नागोयात माझी चेरी बघायला कोण येणार? आणि इथे वारलेल्या नवऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे रोज चहा कोण ठेवणार? त्यांना गार चालत नसे.

२४ जानेवारी

पहिलं घराणं शोरिन. गुरुजी तोकाशिकी. सत्तरीचा माणूस, पण पाय मांजराचे. आत्ता इथे होता म्हणावं तर तिथे. चिनात्सु बघतच राहिली.

मी विचारलं, ‘मागून कुणी पिशवी ओढली तर?’

‘अंतर राखायचं. हाताच्या टप्प्यात येऊच द्यायचं नाही.’

‘स्कूटरवर होता हो.’

गुरुजींनी डोकं खाजवलं. ‘मग अवघड आहे,’ म्हणाले. खोटं बोलले नाहीत. चहाही छान होता.

३१ जानेवारी

आज उएची. गुरुजी माएशिरो. इथे एकमेकांच्या पोटावर, मांडीवर फटके मारून अंग टणक करतात. एक तिशीची बाई खांबासारखी उभी होती, तिला मारणाराच हात चोळत होता! मला ती फार आवडली. विचारलं, ‘किती वर्षं लागली गं?’

‘दहा, आजी.’

चिनात्सुपाशी दोनच महिने आहेत. घरी येताना म्हणते, ‘तुला कुठलं बरं वाटलं?’ मी म्हटलं, माझं काय, शिकायचंय तुला. ती खिडकीबाहेर बघून हसत होती. ही मुलगी बसमध्ये फार हसते.

७ फेब्रुवारी

सापडलं!

गोजू घराणं, तोमारीला. योनामिने बाई शिकवतात. पहाटे टोफू करतात, दुपारी कराटे. मनगटं बघावीत, उसासारखी. त्या म्हणाल्या, गो म्हणजे कठीण आणि जू म्हणजे मऊ, दोन्ही लागतं. ठोसा आहे, लाथ आहे, कुणी जवळ येऊन धरलं तर सुटणं आहे, पाडणंही आहे. ‘पण घराण्याने एवढं काही अडत नाही आजी, पहिल्या दिवशी काय शिकवतात ते बघा.’

मी माझा प्रश्न टाकला. बाकीच्यांनी उत्तर दिलं, यांनी उलट विचारलं, ‘पिशवीत काय होतं?’

‘डुकराचे पाय.’

‘मग पिशवी सोडवलीच नसेल तुम्हाला.’

एवढे महिने ते मला कुणी बोललं नव्हतं. सगळे म्हणत, सोडायची नाही का पिशवी. मला हसू आलं आणि थोडं रडूही.

‘आमच्याकडे पहिला धडा सोडण्याचा,’ बाई म्हणाल्या. ‘दुसरा पडण्याचा. मग ओरडण्याचा. मारणं नंतर.’

चिनात्सुला म्हटलं, हेच. ती म्हणाली, ‘नक्की ना? तुझा शब्द शेवटचा.’

१४ फेब्रुवारी

चिनात्सुचा पहिला दिवस. मी बाकावर. समोरच्या भिंतीवर उंच लाकडी पट्ट्या टांगल्या आहेत, एकेका शिष्याच्या नावाची एकेक. लांबून मला धूसर दिसतं, आणि ती चिनी अक्षरं मला कुठे येतात. लढाईनंतर तंबूत शाळा भरायची, तिसरीपर्यंत गेले, मग भाऊ सांभाळायला घरी. चिनात्सुला विचारलं, ‘तुझी पट्टी कुठली?’

‘अगदी शेवटची, नवीन.’

ऊर भरून आला.

बाई म्हणाल्या, ‘कामादोआजी, बाकावर गारठाल. तिला जोडीदार नाही, जरा मनगट धरा तिचं.’ धरलं. नातीसाठी एवढं करायलाच हवं.

२१ फेब्रुवारी

आज मीही पडले. जाड गादीवर, बसल्या बसल्या, मुद्दाम. अकरा वेळा.

६ मार्च

आता चिनात्सु माझं मनगट धरते आणि मी सोडवते. अंगठ्याच्या बाजूने वळवायचं, तिथे पकड ढिली असते. जोर लागत नाही. पंच्याऐंशी वर्षं कुणी सांगितलं नाही! मग ओरडायचं. माझा आवाज ऐकून शेजारच्या न्हाव्याने खिडकी उघडली. बाई त्याला म्हणाल्या, ‘काही नाही, कामादोआजी आहेत.’ तो म्हणाला, ‘त्याच असतील तर ठीक.’ म्हणजे आता त्यालाही मी माहीत.

चिनात्सुचे ठोसे मात्र कच्चे आहेत. लक्षच नसतं तिचं, सारखी माझ्याकडे बघते. ओसाकात हिचं कसं होणार?

२७ मार्च

चिनात्सु गेली. विमानतळावर म्हटलं, ‘पिशवी ओढली तर सोडून दे बरं.’ म्हणते, ‘तू पण.’

घर फार मोठं झालंय. सेइतोकुने विमानाची वेळ कळवली.

३ एप्रिल

पोरगी गेली, पण तिची पट्टी भिंतीवर राहिली असेल, ती मागून ओसाकाला पाठवावी म्हणून तोमारीला गेले. बाईंनी बोट दाखवलं, ‘ती घ्या, शेवटची.’ चष्मा लावला, जवळ गेले. त्यावर चिनी अक्षरं नव्हतीच. साधी, तंबूतल्या शाळेतली अक्षरं होती – कामादो.

बाई म्हणाल्या, ‘चिनात्सुने स्वतःचं नाव कधी घातलंच नाही. पहिल्याच दिवशी तुमचं घालून गेली.’

पट्टीपुढे उभी होते तेव्हा लक्षात आलं, आज बस मी एकटीने पकडली होती. वाटेत दोन स्कूटर गेल्या.

सेइतोकुला फोन केला – दहा तारखेला ये, पण जेवायला. मी सूप करते. पाय मी आणते.

पट्टी तिथेच राहू दिली.