शनिवारचं भजनी मंडळ

शनिवार, ४ जानेवारी १९८६

आज निरोप दिला नाही!

सकाळी खंडूने दारातून हाक मारली. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये यांच्या शेजारच्या लेथवर असतो तो, जाताना यांना घेऊन जातो. हे अजून अंथरुणात. काल किती ढोसली होती देव जाणे, डोळे उघडत नव्हते. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सांग त्याका, पित्त झालाहा."

इतकी वर्षं सांगतच आले. शेठला पित्त, सासरी पित्त, चाळीत पित्त. शेजारच्या रुक्मिणीकाकू तर दर आठवड्याला वाटीभर कोकमाचं सार पाठवतात. पित्तावर चांगलं म्हणून! सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच माहीत नाही.

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "तुम्हीच सांगा."

बाई गं! बोलून तर गेले. पण शब्द मागे घेतला नाही. हे उठले, भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि खंडूला स्वतः सांगितलं. तोवर तव्यावरची भाकरी करपली. तीच खाल्ली मी. झकास लागली!

संध्याकाळी अंधेरीला बैठकीत सांगितलं. बैठक म्हणजे चर्चच्या मागची एक खोली, दहा-बारा लाकडी खुर्च्या आणि आम्ही बायका — सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी पिणारं. माणसाला सुधारायचं कसं ते तिथे शिकवत नाहीत. त्याचं त्याला निस्तरू द्यायचं आणि आपण आपलं जगायचं, एवढंच. ऐकायला सोपं!

मृणालिनीताई म्हणाल्या, "मालन, आज तू मोठं काम केलंस." त्यांचे यजमान बँकेत मोठे ऑफिसर. बाटली महागातली, तमाशा तोच. घरी येईपर्यंत माझी मान ताठ.

रविवार, ५ जानेवारी

वाट लागली.

दर शनिवारी नीट साडी नेसून बस पकडणारी बाई असल्फ्याच्या आमच्या चाळीत सुटेल का? मागेच रुक्मिणीकाकूंनी विचारलं होतं, "खंय गो दर शनिवारी?" बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं. मी पटकन म्हटलं, "भजनाला." त्यांनी ते लक्षात ठेवलं.

आज नळावर राजारामभाऊ भेटले. चाळ कमिटीचे सेक्रेटरी. म्हणाले, "वहिनी, सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला यंदा बाहेरचे बुवा नाय आणायचे. तुमचं मंडळ हाय ना! मी फळ्यावर लिवलं पण."

जाऊन पाहिलं. रंगीत खडूने, चारी बाजूंनी वेलबुट्टी काढून — 'सुश्राव्य भजन : शनिवार महिला भजनी मंडळ, अंधेरी.'

सुश्राव्य!! आमच्यातल्या एकीलाही टाळ कुठल्या हातात धरतात माहीत नाही. मी बालवाडीत शिकवते, तिथली गाणी येतात. ती पण मुलं म्हणतात, मी हात हलवते.

शनिवार, ११ जानेवारी

बैठकीत सांगून टाकलं. लाजेने मेल्यासारखं झालं होतं. आमच्यातली जानकी असली हसली की खुर्चीवरून पडायची.

मृणालिनीताई मात्र हसल्या नाहीत. "नवऱ्याचं पित्त आणि तुझं भजन — फरक काय गं?"

फरक नाही.

मग फिलोमिनाबाई बोलल्या. मरोळच्या आहेत. थोरला मुलगा गर्दच्या नशेपायी गेला, धाकटा पितो. बाई कधी रडत नाही. "गाना खोटा कसा असंल? गायला की झाला मंडल. आपुन गाऊ ना! मी चर्चमधी गाते तीस वरसं."

"अहो पण अभंग?"

"सूर काय बाप्तिस्मा घेऊन येतो?"

झालं! ठरलं. मृणालिनीताईंनी एकच अट घातली — गायचं तर गाऊ, पण तिथे कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर खोटं बोलायचं नाही. दुसरीचं नाव नाही सांगायचं, पण आपल्यापुरतं खरं सांगायचं. मी हो म्हटलं. माझ्याच चाळीत, माझ्याच तोंडाने?

निघताना खुर्च्या ओळीत लावल्या. हे काम आमच्याकडे असतं. रविवारी सकाळी त्याच खोलीत पिणाऱ्यांची स्वतःची बैठक भरते, त्यांना खोली नीट मिळावी म्हणून. दारापाशीची खुर्ची डुगडुगते. नवं माणूस नेमकं तिच्यावरच बसतं — पळून जायला बरं म्हणून. मीही पहिल्या दिवशी तिच्यावरच बसले होते आणि तासभर दाराकडेच बघत होते.

बुधवार, १५ जानेवारी

संध्याकाळी कुकर लावता लावता अभंग म्हणत होते. हे नुकतेच आलेले, शुद्धीत होते. दारात उभे राहून ऐकलं आणि म्हणाले, "ह्या भजन आसा काय चोराच्या पाठी धावतास?"

मग पत्र्याच्या डब्यावर बोटं मारून दाखवली. हळू, एकेक मात्रा सोडवून.

विसरलेच होते मी. लग्न झालं तेव्हा यांचा, गुणाजीचा पखवाज म्हटलं की गिरणीतले लोक पाळी सोडून यायचे. डबलबारीच्या सामन्यात समोरच्या बुवाला घाम फोडायचे. संपात गिरणी बंद झाली, भजनाचं मंडळ पांगलं, पखवाज कुणाकडे तरी गेला. बोटं तीच आहेत. आमची कुंदा अभ्यास सोडून बघत बसली. नववीतली पोर, बापाला असं तिने कधी बघितलंच नव्हतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

रोज वर्कशॉपवरून सरळ घरी. हातपाय धुतात आणि डबा पुढ्यात घेतात. "परत म्हण." "श्वास खंय घेतलंस?" "समेर ये गो, समेर!"

आज स्वतःच म्हणाले, "पखवाजाक कोण आसा तुमच्या? मी बसतंय."

मला आनंद झाला. खूप झाला! इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

शनिवार, १८ जानेवारी

बैठकीत सांगितलं की हे शुद्धीत आहेत, पखवाजाला बसणार आहेत. मृणालिनीताई म्हणाल्या, "छान. आले तर छान. नाही आले तर भजन कोण म्हणणार?"

"आम्हीच."

"मग झालं तर."

राग आला त्यांचा. एवढं हरखून सांगावं आणि बाईने त्यात मिठाचा खडा टाकावा! बसमध्ये बसल्यावर कळलं — त्या दिवशी ते शुद्धीत राहावेत म्हणून काय काय करायचं त्याचा बेत मी मनात बांधला होता. खंडूला सांगायचं, दुपारपासून घरी बसवायचं, शर्टाच्या इस्त्रीचं निमित्त काढायचं. परत तीच नोकरी!

बेत मोडला. इस्त्री मात्र केली. शर्ट चुरगळलेला होताच.

तालीम बरी झाली. जानकी बेसूर आहे पण मोठ्याने बेसूर आहे, त्यामुळे धीर येतो. फिलोमिनाबाईंचा आवाज निघाला की अंगावर काटा येतो.

गुरुवार, २३ जानेवारी

आज उशीर. जिन्यातच वास आला.

डबा भिंतीकडे तोंड करून पडलाय. कुंदाने पुस्तक उघडलं आणि पानच उलटेना.

शनिवार, २५ जानेवारी

मृणालिनीताईंना सांगितलं. त्या "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणाल्या नाहीत. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पहिला अभंग तू उचलायचास."

सोमवार, २७ जानेवारी

काल लिहायला सवड नव्हती. आता लिहिते, सगळं लिहिते.

पूजा दुपारीच आटोपली. संध्याकाळी चाळीच्या अंगणात मांडव, पताका, जाजम, आणि अख्खी चाळ समोर. आमच्या बायका अंधेरीहून आल्या. सगळ्यांनी गजरे घातलेले, फिलोमिनाबाईंनीसुद्धा. राजारामभाऊंनी कुठूनसा पखवाज आणून ठेवला होता. पुढे जागा रिकामी. हे दुपारीच "येतंय" म्हणून बाहेर पडलेले.

वाट बघितली नाही. मी पहिला अभंग उचलला. फिलोमिनाबाईंनी मागून धरला, जानकीने तिच्या परीने. टाळ जरा मागेपुढे झाले. पण दुसऱ्या अभंगाला म्हाताऱ्या बायका टाळ्या द्यायला लागल्या! मला तर वाटलं आपण उडतोय.

तिसऱ्याला हे आले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चाल अशी की मुलांनी आपणहून वाट दिली. सरळ पखवाजाकडे गेले. बसायला वाकले, तोल गेला, पखवाज गडगडत देवाच्या चौरंगापाशी गेला. आमचा सूर तुटला.

रुक्मिणीकाकू लगबगीने उठल्या. "अगो, पित्त उसळला वाटता! मालन, घरी घेऊन जा गो तेंका, लिंबू-साखर दी."

किती प्रेमाने म्हणाल्या! सगळ्यांचे चेहरे तसेच — हो हो, पित्तच. फक्त मान हलवायची आणि यांना दंडाला धरून घरी न्यायचं, की चाळीची पूजा आणि आमची अब्रू दोन्ही वाचणार. आजवर हेच केलं.

मी म्हटलं, "पित्त नाही काकू. हे प्यायलेत. बसू देत तिथेच. आमचं भजन राहिलंय."

आवाज नेहमीचा होता. बालवाडीत 'चला, हात धुवा' म्हणते तसा.

कुणीतरी तोंडाला पदर लावला. राजारामभाऊ खाली बघायला लागले. कुंदा पहिल्या रांगेत होती, तिने खाली नाही बघितलं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिची मान माझ्यासारखीच ताठ होती. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

फिलोमिनाबाईंनी टाळीने ताल धरला. तिसरा अभंग आम्ही पहिल्यापासून घेतला आणि शेवटपर्यंत नेला. हे मांडवाच्या खांबाला टेकून मान खाली घालून बसले होते. मधेच माझी नजर गेली. गुडघ्यावर बोटं चालली होती. समेवर बरोबर!

प्रसाद वाटताना राजारामभाऊंनी मृणालिनीताईंना विचारलं, मंडळ कधीपासूनचं? त्यांनी सांगितलं, "माझ्या घरी पिणारं माणूस आहे, म्हणून मी शनिवारी जाते. गायला याच महिन्यात लागले." जानकी म्हणाली, "माझापण नवरा." फिलोमिनाबाई म्हणाल्या, "माझं दोन पोरगे." एकेक करून, शिऱ्याचे द्रोण हातात घेऊन. राजारामभाऊंनी एकेकीच्या द्रोणात आणखी शिरा वाढला. शेवटी म्हणाले, "सूर चांगला लागला पण. पुढल्या वर्षी पण या."

आमचं मंडळ! फळ्यावर अजून लिहिलेलं आहे, पुसलं नाही कुणी.

गुरुवार, ३० जानेवारी

यांचा अबोला. जेवतात, जातात, येतात. शुद्धीत की कसे, मी बघायला गेले नाही.

रुक्मिणीकाकूंनी सार पाठवणं बंद केलं. नळावर म्हणाल्या, "घोवाचा नाक कापलंस." वाईट वाटलं. त्यांच्या कोकमाच्या साराला तोड नाही.

कुंदाने सकाळी दप्तर भरता भरता विचारलं, "आई, मलापण आता पित्त म्हणायला नको ना?"

"नको गं."

शाळेत उड्या मारत गेली.

शनिवार, १ फेब्रुवारी

बैठक छान. आता दर वेळी शेवटी एक अभंग म्हणायचा असं ठरलं. खुर्च्या मी लावल्या. दारापाशीच्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायची होती, बोलण्याच्या नादात राहिली.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी चहा पिता पिता हे बोलले. "दर शनिवारी भजनाक जाणाऱ्या बायलेक एक अभंग पाठ नाय? माका पयल्याच म्हयन्यात कळला, थंय भजन-बिजन काय नाय."

मग कप खाली ठेवला. "पिणाऱ्यांचा आसता काय गो असा मंडळ?"

त्याच खोलीचा पत्ता सांगितला. 'येऊ का सोबत?' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. एकटेच गेले.

नवं माणूस दारापाशीच बसतं. ती खुर्ची डुगडुगते, एवढं सांगायचं राहिलं.