चुना, तेल आणि काकाचा डोळा

४ मार्च

ती. बाबांस,
टाचणीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोन करत नाही, कारण फोनशेजारीच काका पलंगावर पडून आहे आणि सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे. त्याचं पत्र तुम्हाला येईलच. त्याआधी माझं पोचावं म्हणून घाईने लिहितेय.

परवा एका शाळेच्या व्हरांड्याला चुना लावत होतो. काका पिंपात चुना ढवळत होता. काठीने ढेकूळ फोडायला गेला आणि शिंतोडा सरळ उजव्या डोळ्यात. मटकन खाली बसला. झालं, सगळे मजूर तेल आणा, तेल आणा म्हणून ओरडायला लागले. आपल्या टोळीचा नियम तुमच्याच काळचा आहे: चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो, म्हणून डोळ्यात गेला तर पाणी टाळायचं आणि तेल घालायचं. त्यासाठी हत्यारांच्या पिशवीत बाटली कायम भरलेली. मी ती थोरल्या मजुराच्या हातातून हिसकावली आणि भिंतीपलीकडे भिरकावली. मग नळाची रबरी नळी ओढली, काकाला आडवा पाडला, दोन बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाणी सोडलं. तो लाथा झाडत होता, दोघे जण मला मागे ओढत होते. मी सोडलं नाही. पुरती वीस मिनिटं! तेवढ्या वेळात काकाने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्या त्याच्याही आहेत हे विसरून.

मग ओल्या कपड्यानिशी रिक्षात कोंबला आणि इस्पितळात नेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा अर्धा तास डोळा धुतला, वरची पापणी उलटी करून दोन खडे काढले. त्या म्हणाल्या, विरवलेला, म्हणजे आधीच पाण्यात भिजवलेला चुना पुन्हा पाण्याने उकळत नाही, पण डोळ्यात राहिला तर खात खात आत जातो. पाणी जितक्या लवकर तितका डोळा जास्त वाचतो, आणि पाण्यानंतर उशीर न करता इस्पितळ. रोज दाखवायला यायचं असंही बजावलं.

मला हे कुणी शिकवलं म्हणाल तर चुन्याच्या गोणीने. तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुम्ही दोघा भावांनी जन्मभर गोण्या फाडल्या, वाचली एकही नाही.

आता पुढची गंमत ऐका. डोळा वाचवल्याबद्दल काकाने मला कामावरून काढलंय! सगळ्यांसमोर माफी मागायची, तेल फेकलं ही चूक झाली म्हणायचं, मगच कुंचा हातात घ्यायचा. स्वतः मात्र इस्पितळात पुन्हा पाऊल टाकायला तयार नाही. काकू दोघांना एकाच टेबलावर जेवायला बसवते आणि आम्ही मीठ तिच्यामार्फत मागतो. बाबा, मी माफी मागणार नाही. बोचकं बांधून घरी यावं लागलं तरी नाही. एवढा राग त्याला कसला आलाय तेच मला कळत नाही.

काकाचं पत्र वाचूनही माझ्यावरचा लोभ टिकला तर टिकवावा.

आपली,
टाचणी


५ मार्च

ती. दादास,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

एका डोळ्याने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

तुझ्या लेकीने सगळ्या टोळीसमोर मला आडवं पाडलं. मी मुकादम, तिचा सख्खा काका! तूच तिला डोक्यावर चढवून ठेवलीस, आता तूच तिला लिही. माफी मागितली की विषय संपला. तिला घालवायची मला हौस नाही. छताला तिच्यासारखा एकसारखा हात टोळीत दुसऱ्या कुणाचा बसत नाही.

पण तेल चूक होतं असं चारचौघांत ठरता कामा नये. तेल आपल्या वडिलांपासून चालत आलंय. ते चूक असेल तर... दादा, त्यापुढचं मला लिहिता येत नाही. म्हणूनच मी इस्पितळात जात नाही. ती डॉक्टरीण पट्टी सोडताना पुन्हा तेच बोलणार आणि मला तुझा चेहरा दिसायला लागणार. कालपासून डोळा ठणकतोय. ठणकू दे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर आजवर केलीस तेवढीच माया ठेव, जास्त मागत नाही.

तुझा,
धाकटा


७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. विशेष म्हणजे तू गाढव आहेस.

दोनदा फोन केला, तू घेतला नाहीस. म्हणून रंगाच्या दुकानाच्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. एवढं वाचलंस की चपला घाल आणि इस्पितळात जा. उरलेलं तिथल्या बाकावर वाच.

तुला पुरं करता येत नाही ते वाक्य मी करतो. तेल चूक होतं, तर माझा डावा डोळा तुझ्या हातून गेला. हो, गेला. वीस वर्षांपूर्वी त्या कारखान्याच्या भिंतीखाली डोळ्यात चुना गेला तेव्हा मी पाणी मागत होतो आणि तू माझे हात धरून तेल घालत होतास. मग चार दिवस मला घरीच निजवून ठेवलंत. पाचव्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं की पाणी का घातलं नाही आणि त्याच दिवशी का आला नाहीत. तू औषधं आणायला बाहेर गेला होतास. मी हात जोडून त्यांना विनवलं की हे माझ्या भावाला सांगू नका. लेकीला सांगितलं की झाडाची फांदी लागली.

मला वाटलं मी तुला जपतोय. पण तुला जपता जपता ती बाटली मी तुझ्या पिशवीत वीस वर्षं राहू दिली. तिच्यातलं तेल मधल्या काळात आणखी कुणाकुणाच्या डोळ्यात गेलं असेल, हा विचार आता मला सोडत नाही. ही चूक माझी आहे.

तेव्हा तुझ्यावर रागावलो नव्हतो. तू घाबरला होतास, रडत होतास. आज मात्र रागावलोय. माझी पोरगी माफी मागणार नाही आणि मी तिला मागायला सांगणार नाही. तुझ्या हट्टापायी तो डोळा गेला तर मला तोंड दाखवू नकोस. हे पत्र टाचणीलाही वाचायला दे.

लोभ आहे म्हणूनच इतकं बोललो असं समज.

तुझा,
दादा


११ मार्च

ती. दादास,
नमस्कार. विनंती वगैरे करायला तोंड उरलेलं नाही.

टेम्पोवाला दारात असतानाच वाचायला घेतलं आणि त्याच्याच टेम्पोत बसून गेलो. डॉक्टरीणबाई तडकल्या. जखमेत जंतू शिरले होते. आणखी दोन दिवस घरी बसलो असतो तर डोळ्याची हमी नव्हती म्हणाल्या. दर तासाला थेंब घालतोय. डोळा राहील. नजर पूर्ण येईल का ते महिन्याने कळेल.

उरलेलं पत्र बाकावर वाचलं. शेजारची अनोळखी बाई घाबरून नर्सला बोलवायला गेली, इतका रडत होतो.

काल टोळीला गोळा केलं. सांगितलं की माझ्या भावाचा डोळा मी घालवला, आधी तेल घालून आणि मग चार दिवस घरी ठेवून. यापुढे नळ किंवा पाण्याचं भरलेलं पिंप जवळ असल्याशिवाय चुना कालवायचा नाही, आणि डोळ्याला काहीही झालं तर काम टाकून त्याच वेळी इस्पितळ गाठायचं. थोरला मजूर म्हणाला की तुमच्या वडिलांनीही तेलच घातलं असतं. मी म्हटलं, मग तेही चुकले असते. इतक्या वर्षांत वडिलांबद्दल असं बोललो नव्हतो.

टाचणी कामावर आली. पत्र वाचल्यापासून ती माझ्याशी जरा हळू बोलते, तेच मला सहन होत नाही. माफी मी मागितली नाही, डोक्यावर मिरे वाटेल. तिनेही मागितली नाही. उलट शिडीवरून मला हुकूम सोडला की मुकादमांनी डोळे झाकणारा चष्मा घातल्याशिवाय पिंपाजवळ यायचं नाही. मी गेलो नाही.

पण दादा, माझा तुझ्यावर राग आहे. वीस वर्षं एका डोळ्याने माझ्याकडे बघत हसत राहिलास! त्याच दिवशी मला थोबाडीत द्यायला हवी होतीस. तो माझा हक्क होता. रविवारी तो वसूल करायला येतोय. फक्त डाव्या गालावर दे, उजवा डोळा जपायला सांगितलाय.

त्यानंतर लोभ असावा.

तुझा,
धाकटा