पहिला माईक विरोधकाचा

प्रिय दादा,

फोनवर बाबांचा विषय निघाला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून हे पत्र. ते मध्येच कट करता येत नाही. "लग्न रजिस्ट्रारच्या ऑफिसात होणार, तिथे कुणीही प्रार्थना म्हणायची नाही, पटत नसेल तर येऊ नका," असं तू म्हणालास, बाबा "नाही येत" म्हणाले, आणि विषय संपला. म्हणजे तुमच्यापुरता संपला. इथे जेवताना मी आणि ते दोघंच असतो आणि तिसरा तो विषय असतो. पण काल चौकात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल तुमच्या धर्मनिरपेक्ष चळवळीची जाहीर सभा होती आणि मी पहिल्यांदाच व्हॉलंटियर होते. काम काय, तर पाण्याचे जग भरायचे आणि माईक हातोहात पोचवायचा. मला वाटलं होतं, चार चष्मेवाले येतील, एकमेकांचं ऐकून माना डोलावतील. दादा, चौक भरला होता! दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, बाल्कन्यांत माणसं, बस ड्रायव्हर युनिफॉर्मवरच आलेले. एका नर्सने नोकरीच्या अर्जातला धर्माचा रकाना काढून टाका म्हणून सांगितलं, आणि कशासाठी, ते सांगताना तिचा आवाज एकदाही चढला नाही. एका शाळकरी मुलीची आई म्हणाली, प्रार्थना करायची तर घरी करू, शाळेने हजेरीसारखी घेऊ नये. आणि कहर म्हणजे एक म्हातारे धर्मगुरू आले होते, चक्क बाजूने बोलायला! म्हणाले, "देवाला सरकारी नोकरीत घालू नका हो, तिथे गेला की तोही लोकांना उद्या या म्हणेल." लोक इतके हसले की माईक शिट्टी मारायला लागला.

पण हे सगळं नंतरचं. तुला माहीत असेल, मला नव्हतं, की तुमच्या सभेत पहिला माईक कायम विरोधकाला देतात. अध्यक्ष बाईंनी (त्या रिटायर्ड सुईण आहेत, आवाज असा की बाळ घाबरून बाहेर येत असेल) सुरुवातीलाच विचारलं, "आमचं कुणाला पटत नाही? आधी त्यांनी बोलायचं, आम्ही ऐकायचं." कोणी उठेना. मी माईक घेऊन वेड्यासारखी उभी. आणि स्टेजच्या मागून, कानावर पेन्सिल खोचलेली, हातात हातोडी, आपले बाबा आले.

हो, बाबा. स्टेजचं काम त्यांनीच घेतलं होतं. मी म्हटलं होतं, तुम्हाला चालेल का, तर म्हणाले, फळ्यांना धर्म नसतो. सभा संपेपर्यंत मागे बसणार होते, नंतर स्टेज सोडवायला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, माईक घेतला आणि म्हणाले, "मी सुतार आहे. कुठलीही फळी कापायच्या आधी प्रार्थना म्हणतो. हे स्टेज लावतानाही म्हटली. म्हणजे तुम्ही सगळे पुढारी आत्ता माझ्या प्रार्थनेवरच उभे आहात." लोक हसले, टाळ्यासुद्धा पडल्या. मला वाटलं झालं, आता उतरतील. पण ते उतरेनात. हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "माझा मुलगा तुमच्यातलाच आहे. त्याच्या लग्नात प्रार्थना नको म्हणतो. ठीक आहे, त्याचं लग्न आहे. पण मला प्रार्थनेशिवाय आनंद करता येत नाही, मला तेवढंच येतं. मग मी त्या खोलीत उभं कुठे राहायचं, ते मला कोणीतरी सांगा."

दादा, एवढा मोठा चौक, आणि कोणी हुर्यो केली नाही, कोणी "उतरा" म्हटलं नाही. ज्या माणसांना बाबा मनापासून चुकीचं समजतात, ती सगळी माणसं बाबांसाठी उत्तर शोधत होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. अध्यक्ष बाई उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या कुठल्याही सरकारने तुम्हाला तुमच्या घरात प्रार्थना करू दिली नाही, तर तुमच्या दारात पहिले आम्ही उभे राहू. हे मी छातीठोकपणे सांगते. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या जाहीरनाम्यात नाही. मला ते माहीत नाही. ते तुमच्या मुलाकडे असेल." स्टेजवर उभं राहून, माईकसमोर, "मला माहीत नाही"! मी आजवर एकाही मोठ्या माणसाच्या तोंडून हे ऐकलेलं नाही, आपल्या घरातल्या दोन पुरुषांच्या तोंडून तर अजिबातच नाही. बाबांनी मान हलवली, माईक माझ्या हातात दिला आणि मागे जाऊन बसले. मग बाकीची भाषणं झाली. बाबांनी सगळी ऐकली. धर्मगुरूंच्या जोकला हसले पण.

आता खरं कारण. आज सकाळी बाबा रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला विचार, सह्या करायच्या आधी मी मनातल्या मनात प्रार्थना म्हटली तर चालेल का. ओठ हलवणार नाही." तुला आठवतंय ना ते कशी म्हणतात, गल्लीभर ऐकू जाईल अशी? शेजारी घड्याळ लावायचे त्यांच्यावर. तो माणूस ओठ हलवणार नाही म्हणतोय. तुला स्वतः विचारायचा धीर त्यांना झाला नाही, म्हणून मला सांगितलं, आणि मी फक्त निरोप्या आहे. चालेल की नाही ते तूच ठरव. पण उत्तर मला कळवू नकोस, दादा. त्यांना फोन कर.

तुझीच,
बडबडी